सोळा माश्या

[दृश्य: काचेची बाटली, अगदी जवळून. आतून वर चढणाऱ्या माश्या.]

बाटलीच्या तळाशी मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून थापलंय. त्यातच माश्या अंडी घालतात. पिकल्या फळावर घिरट्या घालते तीच ही फळमाशी. अंड्यातून नवी माशी व्हायला दहाएक दिवस पुरतात, त्यामुळे एका माणसाला बसल्या जागी पिढ्यामागून पिढ्या पाहता येतात.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली तीन माश्या.]

हे डोळे पाहा. एकीचे लालभडक, एकीचे पांढरे, मधलीचे फिकट नारिंगी. इथे रंग ठरवणाऱ्या एका जनुकाची दोन रूपं आहेत. प्रत्येक माशीत त्याच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. दोन्ही लाल तर डोळे लाल, दोन्ही पांढऱ्या तर पांढरे, एकेक असली की नारिंगी. नुसत्या डोळ्यांवरून जनुकं मोजता येतात!

पीटर बुरी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच केलं होतं. १०७ गट. प्रत्येकात आठ नर, आठ माद्या, सगळ्यांत दोन्ही रूपं एकेक. म्हणजे प्रत्येक गटात १६ प्रती लाल, १६ पांढऱ्या.

[दृश्य: ब्रश धरलेला हात. गुंगीतल्या माश्या.]

बारीक ब्रशने एकेक माशी उलटी करायची. पोटाचं टोक काळं असेल तो नर. डोळ्यांचा रंग न बघता आठ नर आणि आठ माद्या उचलायच्या, नव्या बाटलीत सोडायच्या. बाकीच्या बाद. त्यांची पिल्लं आली की पुन्हा तेच. अशा १९ पिढ्या.

कुठल्या रंगाला झुकतं माप नव्हतं. तरीही शेवटी ३० गटांतून लाल रूप पार नाहीसं झालं आणि २८ गटांतून पांढरं. सगळे गट मिळून मोजलं तर प्रमाण मात्र जवळपास निम्मं-निम्मंच!

एका पिढीत योगायोगाने लाल प्रती १६ च्या १९ झाल्या, तर पुढची पिढी १९ पासूनच सुरू होते. १६ कडे परतायची तिला काही ओढ नसते. हजारो माश्यांच्या गटात असे हेलकावे क्षुल्लक ठरतात. सोळांच्या गटात तेच गटाचं भवितव्य ठरवतात. याला जनुकीय विचलन म्हणतात. उत्क्रांती म्हटलं की आपण नैसर्गिक निवडीबद्दल भरभरून बोलतो, योगायोगाच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो.

ब्रिटिश गणितज्ञ हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं होतं की निवड, उत्परिवर्तन (जनुकात होणारा बदल) आणि बाहेरून ये-जा नसेल, जोड्या रूप न बघता जमत असतील, तर मोठ्या समूहात हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहतं. त्यातला ‘मोठ्या’ हा शब्द वर्गात घाईघाईने वाचला जातो. वन्यजीवांची गणना करतानाही किती उरले तेवढंच विचारलं जातं. उरलेल्यांत जनुकांची किती रूपं शिल्लक आहेत, हे क्वचितच विचारलं जातं. बाटलीतून गेलेलं लाल रूप त्याच बाटलीत कितीही शोधलं तरी सापडत नाही. ते बाहेरूनच आणावं लागतं.

[दृश्य: फ्लोरिडातला पँथर, मागून. शेपटीच्या टोकाशी पीळ.]

फ्लोरिडा पँथर म्हणजे तिथला प्यूमा, एक मोठं रानमांजर. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे वीस-तीसच उरले होते. आपसातच पैदास होऊन शेपटीचा हा पीळ त्यांच्यात पसरला होता. १९९५ मध्ये टेक्सासहून प्यूमाच्या आठ माद्या आणून सोडल्या.

[दृश्य: त्यांच्या वंशातलं पिल्लू. सरळ शेपटी.]