मॉरिशसची 'पन्नास पावलं': किनाऱ्याची जमीन मोजताना काय सुटतं

[दृश्य: वाळूवर भरतीची ओली रेघ, तिथून जमिनीकडे ताणलेला मोजणीचा टेप]

एक्क्याऐंशी मीटर आणि एकवीस सेंटीमीटर. मॉरिशसच्या कायद्यात हा आकडा असा सेंटीमीटरपर्यंत लिहिलेला आहे. भरतीचं पाणी जिथवर येतं, त्या रेघेपासून आत किमान इतकी रुंद पट्टी सरकारची. ती विकता येत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट केली तरी कुणाच्या नावावर चढत नाही. फ्रेंच अमदानीत तिला 'पन्नास भौमितिक पावलं' म्हणत. 'पा जेओमेत्रिक' हा शब्द तिथे आजही रोजच्या बोलण्यात आहे. एक पाऊल म्हणजे पाच जुने फ्रेंच फूट. अडीचशे फुटांचे मीटर केले की ८१.२१ येतात. पट्टी राखली होती ती बेटाच्या बचावासाठी. पर्यावरण हा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता. इंग्रजांनी १८१० मध्ये बेट घेतलं तरी पट्टी मोडली नाही, उलट १८९५ मध्ये तिच्यासाठी कायदा केला.

आजचा विषय हाच. मॉरिशस बेटाचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी. त्यावर बारा लाखांहून जास्त माणसं, ऊस, हॉटेलं आणि देशी जंगलाचा उरलासुरला तुकडा. चांगल्या स्थितीतलं देशी जंगल दोन टक्क्यांहूनही कमी राहिलंय. अशा ठिकाणी बांधायचंच नाही, हे म्हणणं व्यवहार्य नाही. लोकांना घरं हवीत, कामं हवीत. प्रश्न बांधायचं कुठे आणि मोजायचं काय, हा आहे. परवाना एकेका प्लॉटचा विचार करतो, पण बेटावरचं पाणी डोंगरापासून प्रवाळापर्यंत एकाच उतारावरून जातं. पुढे जे बिघाड दाखवणार आहे, ते सगळे या तफावतीतून आलेले आहेत.

किनाऱ्यापासून सुरू करू.

[स्क्रीनवर आकृती: समुद्र, भरतीची रेघ, ३० मीटर, ८१.२१ मीटर]

पट्टी विकता येत नाही, पण भाडेपट्ट्याने देता येते. हॉटेलं आणि 'कांपमां', म्हणजे किनाऱ्यावरचे सुट्टीचे बंगले, अशाच जमिनीवर उभे आहेत. पट्टा साठ वर्षांपर्यंतचा असतो. बांधकामासाठी आणखी एक नियम आहे: भरतीच्या रेघेपासून ३० मीटर जागा मोकळी सोडायची. कागदावर ठीक वाटतं. पण ही रेघ म्हणजे सातबाऱ्यावरची हद्द नव्हे, ती हलते. समजा, एखादा वाळूचा किनारा वर्षाला फक्त अर्धा मीटर मागे सरकतोय. साठ वर्षं गुणिले अर्धा मीटर, झाले तीस मीटर. परवाना मिळाला त्या दिवशी बांधकाम पूर्ण नियमात होतं, आणि पट्टा संपेपर्यंत सोडलेली जागा सगळी पाण्यात गेली. नियम कुणीच मोडलेला नाही. म्हणून अंतर ठरवताना आधी किनारा किती वेगाने मागे जातोय ते बघायला हवं. जुने हवाई फोटो आणि उपग्रहचित्रं यांवरून गेल्या तीस-चाळीस वर्षांतली रेघ काढायची, वार्षिक सरासरी काढायची, तिला पट्ट्याच्या वर्षांनी गुणायचं, आणि त्यावर चक्रीवादळात एका रात्रीत जाणारी वाळू धरून अंतर वाढवायचं. हे काम अवघड नाही, पण ते परवान्याच्या आधी करायचं असतं.

आपल्या कोकणातल्या मंडळींनी इथे कान टवकारावेत. सीआरझेडची, म्हणजे आपल्या किनारा नियमन क्षेत्राची मोजणीही भरतीच्या रेघेपासूनच होते. २०१९च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांसाठी ना-विकास पट्टा, म्हणजे बांधकामाला बंदी असलेली पट्टी, २०० वरून ५० मीटरवर आला, तेव्हा हाच हिशोब आपल्याकडेही लागू होतो.

किनारा मागे येऊ लागला की मालक भिंत बांधतो. का बांधतो ते समजतं, पण परिणाम उलटा होतो. वाळूच्या उतारावर लाट चढते, दमते आणि वाळू टाकून परतते. उभ्या भिंतीवर ती आपटून तितक्याच जोराने मागे फिरते आणि भिंतीच्या पायाखालची वाळू ओढून नेते. समोरची पुळण खोल होते, मग आणखी मोठी लाट भिंतीपर्यंत पोचते. भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याची जमीन खरवडली जाते, म्हणून शेजारीही भिंत बांधतो. काही वर्षांत भिंतींची रांग उभी राहते आणि चालायला पुळणच उरत नाही. तारेच्या जाळीत भरलेले दगड, ज्यांना गॅबियन म्हणतात, ते सरळ उभे रचले तर त्यांचंही तेच होतं. खाऱ्या पाण्यात तार गंजली की दगड लाटांबरोबर फिरायला लागतात ते वेगळंच.

ही वाळू येते कुठून, हेही पाहायला हवं. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलेलं बेट आहे. नद्या काळा गाळ आणतात. किनाऱ्यावरची पांढरी वाळू मात्र समुद्रात तयार होते, प्रवाळ, शिंपले आणि चुनखडीयुक्त शेवाळ यांच्या चुऱ्यापासून. बेटाभोवती सुमारे दीडशे किलोमीटर प्रवाळाची भिंत आहे. तीच वाळूची गिरणी आणि तीच मोठ्या लाटा अडवणारा बांध. १९९८, २००९ आणि २०१६ मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले. शिवाय कित्येक वर्षं बांधकामासाठी वाळू थेट लगूनमधून, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ समुद्रातून उपसली जात होती. तो उपसा २००१ मध्ये बंद झाला, आता बांधकामं बेसाल्टच्या क्रश सँडवर चालतात. माझ्या मते बेटाच्या जमिनीसाठी घेतलेल्या निर्णयांपैकी हा सगळ्यात शहाणा निर्णय, कारण त्याला पर्यायी माल आधीच तयार होता. पर्याय न देता नुसती बंदी घातली असती, तर रात्रीचे उपसे सुरू झाले असते.

[दृश्य: उघडी पडलेली सुरूची मुळं]

किनाऱ्यावरची झाडंही बघा. मॉरिशसमध्ये वाऱ्याला आडोसा म्हणून सुरू लावले, अगदी आपल्या किनाऱ्यांसारखे. सुरूची मुळं वाळूच्या वरच्या थरात दाट पसरतात आणि खाली पडलेल्या काड्यांच्या थरात दुसरं काही उगवत नाही. लाटेने पायथा कापला की झाड मुळांसकट आडवं होतं आणि सोबत वाळूचा मोठा लचका घेऊन जातं. वाळू खऱ्या अर्थाने धरून ठेवतात त्या बुटक्या, पसरणाऱ्या वनस्पती. त्यात आपल्या ओळखीची मर्यादवेल पहिली. नावातच तिचं काम आहे. पण हॉटेलला पाहुण्यांसाठी स्वच्छ पांढरी पुळण हवी असते, म्हणून तीच वेल आधी उपटली जाते आणि वाळूची टेकडी सपाट केली जाते. हे थांबवायला पैसे लागत नाहीत. पट्ट्याच्या करारात एक कलम पुरतं.

आता टेकडीच्या मागे चला. सगळ्यात मोठं नुकसान इथे झालंय आणि इथेच ते सगळ्यात कमी दिसतं.

वाळूच्या टेकडीमागे सखल जमीन असते. डोंगराकडून येणारं पाणी तिथे थांबतं, गाळ खाली बसतो, मग पाणी हळूहळू वाळूतून समुद्रात झिरपतं. ही पाणथळ जागा. उत्तरेला ग्रां बे आणि पेरेबेर, पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक, या पर्यटनाच्या गावांत अशा जागा भराव टाकून बुजवल्या गेल्या. भराव नेहमी एकाच पद्धतीने पडतो. आधी कडेला मुरूम आणि राडारोडा, मग कुंपण, मग पावसाळ्याआधी सपाटीकरण. प्लॉट बाजूच्या रस्त्यापेक्षा अर्धा-एक मीटर उंच होतो. मालकाचं घर कोरडं राहतं, पण पाणी कुठेतरी जाणारच. ते भराव न टाकलेल्या जुन्या घरांत शिरतं. अर्धा हेक्टर पाणथळीत सरासरी ऐंशी सेंटीमीटर पाणी साठत असेल तर ती बुजवल्यावर चार हजार घनमीटर, म्हणजे चाळीस लाख लिटर पाणी शेजारच्या गल्लीत आलं म्हणून समजा.

पाणथळ ओळखण्यातही गफलत होते. मॉरिशसचा जोराचा पाऊस साधारण जानेवारी ते मार्च. सर्वेक्षण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केलं तर जमीन खडखडीत दिसते आणि अहवालात 'ओसाड सखल जागा' असं येतं. जाणकार माणूस पाणी शोधत बसत नाही. तो पाणकणीस, लव्हाळे आणि तिवरं शोधतो, आणि हातभर खड्डा खणून माती करडी आहे का, त्यात तांबूस गंजाचे ठिपके आहेत का, ते बघतो. असे ठिपके म्हणजे ही माती दरवर्षी काही महिने पाण्यात बुडते.

भरावावर इमारत झाली की सांडपाण्याचा प्रश्न येतो. बेटावरची बहुसंख्य घरं अजून मलवाहिनीला जोडलेली नाहीत. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, हीच सोय. सेप्टिक टँक घाण खाली बसवतो, पण नायट्रोजन काढत नाही. भेगाळ बेसाल्ट आणि वाळू यांतून तो सरळ लगूनमध्ये उतरतो. तिथे शेवाळ माजतं, प्रवाळावर बसतं आणि त्याचा उजेड अडवतं. म्हणजे जी वाळूची गिरणी किनाऱ्याला वाचवते, तिच्यावरच घाव. पूर्वी मधली पाणथळ हा नायट्रोजन थोडाफार शोषून घ्यायची. तीच आपण बुजवलेली असते. म्हणून किनाऱ्यालगतच्या कुठल्याही मोठ्या प्रकल्पाला मलवाहिनी किंवा नायट्रोजन काढणारं शुद्धीकरण केंद्र ही पहिली अट हवी, आणि शुद्ध केलेलं पाणी बागेला वापरायला हवं.

[स्क्रीनवर: उसाचं शेत, मग त्याच जागेचा आराखडा]

आता बेटाच्या आत. युरोपीय संघाने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये जुना साखर करार संपला. उसाखालचं क्षेत्र २०००च्या आसपास सत्तर हजार हेक्टरांहून जास्त होतं, ते चाळीस हजारांच्या आसपास आलं. जमीन मोकळी झाली आणि परदेशी गिऱ्हाइकांना बंगले विकणाऱ्या योजना आल्या: २००२ मध्ये एकात्मिक रिसॉर्ट योजना, २०१५ मध्ये स्मार्ट सिटी योजना. स्मार्ट सिटीला किमान पन्नास आर्पां जमीन लागते, म्हणजे २१.१ हेक्टर, आपल्या भाषेत बावन्न एकर. पश्चिमेच्या कास्कावेल गावाच्या परिसरातही मळ्यांच्या जमिनीवर असं शहर उभं राहतंय. कास्कावेल म्हणजे मॉरिशसच्या मराठी माणसांचं जुनं गाव. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिये म्हणून गेले आणि याच उसात राबले.

उसाचं शेत आणि डांबर यांत फरक किती पडतो? हिशोब करू. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार घनमीटर पाणी. उसाच्या शेतातून त्याचा साधारण पाव हिस्सा वाहून जातो. छत, डांबर आणि फरशीवरून नव्वद टक्के. २१.१ हेक्टरच्या प्रकल्पात निम्मी जमीन झाकली गेली तर एका मोठ्या पावसात सुमारे ६,८०० घनमीटर जादा पाणी खाली सुटतं. दहा हजार लिटरचे ६८० टँकर. हे पाणी प्रकल्पातच अडवायचं तर दीड मीटर खोलीचं तळं साडेचार हजार चौरस मीटरचं लागेल, जवळजवळ अर्धा हेक्टर. आराखड्यात इतकी जागा दिसत नसेल, तर ते पाणी खालच्या गावाच्या वाट्याला दिलं आहे असं धरा. आणि तळं शोभेचं करून ते काठोकाठ भरून ठेवलं तरी उपयोग नाही. पावसासाठी त्याचं पोट रिकामं असावं लागतं. ही चूक वारंवार होते.

३० मार्च २०१३ला राजधानी पोर्ट लुईत दोन तासांच्या आत १५२ मिलिमीटर पाऊस पडला. अकरा माणसं गेली, त्यांतली काही भुयारी मार्गात आणि इमारतीखालच्या पार्किंगमध्ये अडकून. शहर डोंगरांच्या कुशीत आहे, ओढे मधून जातात आणि त्यांच्या वाटा बांधकामांनी आवळलेल्या. २०१७ मध्ये जमीन-निचरा प्राधिकरण स्थापन झालं. तरी जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळात त्याच रस्त्यांवर गाड्या तरंगल्या. मोठी गटारं बांधली की वरचं पाणी खाली आणखी वेगाने येतं. वर अडवल्याशिवाय खाली मोकळं होत नाही.

नियम कमी नाहीत. मॉरिशसमध्ये नदीकाठी १६ मीटर, ओढ्याकाठी ८ मीटर आणि नाल्याकाठी ३ मीटर जागा राखीव आहे. शेतजमीन दुसऱ्या कामाला वळवायला वेगळा परवाना लागतो. तिवरं तोडायला बंदी आहे. प्वांत देस्नीची पाणथळ २०११पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे. २००९ मध्ये सरकारने संवेदनशील जागांचा अभ्यास करून चौदा प्रकार ठरवले, नकाशेही झाले. गाडं अडलं ते पुढे. नकाशा हा सल्ल्याचा कागद राहिला, त्याला स्वतंत्र कायद्याचं बळ मिळालं नाही. मग अधिकारी बदलला की नकाशाचं वजन बदलतं. वेळेवर विरोध झाला तर फरक पडतो, हेही दिसलंय: फेर्नेच्या खोऱ्यातून देशी जंगल कापून जाणारा महामार्ग २००५च्या सुमारास मागे घेतला गेला, कारण त्या वाटेवर नामशेष समजलेल्या वनस्पती सापडल्या होत्या. आज तिथे राखीव वन आहे.

परवान्याविरुद्ध दाद मागायला २०१२पासून पर्यावरण आणि जमीनवापर अपील न्यायाधिकरण आहे. पण २००२च्या पर्यावरण कायद्यात अट अशी होती, की या निर्णयाने आपलं अवाजवी नुकसान होणार, हे अपील करणाऱ्याने दाखवायचं. २०२४ मध्ये नवा कायदा आला, तरी जुन्या परवान्यांवर उभ्या राहिलेल्या इमारती जागच्या जागी आहेत. संस्थेला फक्त पाणथळीच्या वतीने बोलणं त्या जुन्या अटीपुढे जड जायचं. उताराला खाली राहणाऱ्या शेजाऱ्याला तुलनेने सोपं जायचं, पण त्याच्याकडे भरावाच्या आधीची आणि नंतरची पातळी, तारखेसकट पुराचे फोटो आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेची उंची मोजून ठेवलेली असली तरच. ही मोजमापं पहिला ट्रक मुरूम टाकायच्या आधी घ्यायची असतात, कारण नंतर मूळ जमीन कुठे होती हे दाखवायला काहीच उरत नाही.