बीज कुणाचं, शेत कुणाचं : लीला दुबे यांचं काम

मित्रमैत्रिणींनो, जन्म, पदं, पुरस्कार हा भाग मी चटकन उरकते. मानववंशशास्त्रज्ञ आणि स्त्री-अभ्यासक लीला दुबे यांचा जन्म १९२३ चा, निधन २०१२ चं. शास्त्रीय गायिका सुमती मुटाटकर या त्यांच्या थोरल्या भगिनी, मानववंशशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे हे पती. सागर विद्यापीठात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा १९७४ चा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा अहवाल ज्या समितीनं दिला, तिच्या त्या सदस्य होत्या. स्त्री-अभ्यास हा विषय भारतीय समाजशास्त्राच्या बैठकीत मानानं बसला, त्यामागे त्यांचे कष्ट आहेत.

आता मुद्द्याचं. नातेसंबंधांचा अभ्यास आपल्याकडे आधीही होत होता. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नात्यागोत्यांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती जिथे एकमेकींत मिसळतात तिथे. सोलापूरकरांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. एका घरात मामाची मुलगी सून म्हणून चालते, शेजारच्या तेलुगू किंवा कन्नड घरात भाचीनं सख्ख्या मामाशी लग्न केलेलं असतं, तर पलीकडच्या घरात या दोन्ही गोष्टी ऐकूनच कानावर हात ठेवतात. लीलाताईंनी या सगळ्या रीतींना एकच प्रश्न लावून धरला : यात बाईच्या वाट्याला काय येतं? ती राहते कुठे, मुलं कुणाची, नवऱ्याशी पटलं नाही तर परत जायला दार उघडं आहे का?

या प्रश्नांची उत्तरं शोधताना त्यांनी लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटाचा अभ्यास केला. १९६९ चं त्यांचं पुस्तक त्यावर आहे. तिथले लोक मुसलमान, आणि घराणं चालतं आईकडून. लग्नानंतर मुलगी आईच्याच घरी राहते, नवरा रात्री तिच्याकडे येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी जातो. घराण्याच्या सामाईक मालमत्तेला तिथे 'शुक्रवारची' म्हणतात, ती आईच्या वंशात राहते. स्वतः कमावलेली ती 'सोमवारची', तिला इस्लामी वारसा कायदा लागू होतो. दोन्ही एकाच बेटावर सुखानं नांदतात! धर्म एक आणि कुटुंबाची रीत दुसरी, असं होऊ शकतं हे त्यांनी दाखवून दिलं. आणि तरी तिथे बायकांचं राज्य आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. कारभार बहुधा पुरुषाच्याच हातात. पण डोक्यावरचं छप्पर नवऱ्याच्या मर्जीवर नसलं की बाईचं बळ वाढतं, हे तिथे दिसतं.

उरलेल्या भारताबद्दल त्यांचा १९८६ चा बीज आणि क्षेत्रावरचा निबंध मी विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचायला लावते. पुरुष बीज देतो, स्त्री जमीन, पीक बीजवाल्याचं. ही प्रतिमा धर्मग्रंथांतही आहे आणि बाळंतिणीच्या खोलीबाहेरच्या गप्पांतही. लीलाताई म्हणतात, तिच्या आडून दोन हक्क हिरावले जातात : मुलांवरचा आणि साधनसंपत्तीवरचा. जमिनीला मालक असतो, जमीन स्वतः मालक होत नाही. तिचे कष्टही मग त्या मालकाचेच.

आपल्या सोलापुरातच हे दिसतं. साखर पेठेकडच्या एखाद्या विडी कामगार बाईच्या घरात दुपारी डोकवा. मांडीवर सूप, ओलसर पानं मापाच्या पत्र्यावर ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. शेजारी मुलगी दप्तर बाजूला ठेवून विड्यांची तोंडं मुडपत असते. संध्याकाळी कारखान्यात माल तपासला जातो, नापसंत विड्या बाजूला पडतात, त्यांची मजुरी मिळत नाही. आणि ही मुलगी लग्नाची झाली की 'विडी वळता येते का' हे स्थळाकडचे विचारतात. शिकवलं आईनं, बोटं मुलीची, कमाई सासरची. बीज-क्षेत्राचा निबंध मला पुस्तकात कळला, पण पटला तो इथे.

गर्भजल परीक्षेनं लिंग ओळखून मुलीचा गर्भ पाडण्याच्या वादातही लीलाताई ठाम राहिल्या. १९८० च्या दशकात काही विद्वान म्हणत होते, मुली कमी झाल्या की त्यांची किंमत आपोआप वाढेल. लीलाताईंनी लिहून बजावलं की बायकांची संख्या घटली तर त्यांच्यावरचा अत्याचार वाढेल. बाई बाजारातला माल नाही, टंचाईनं तिला भाव येत नाही. टंचाईनं तिच्यावरचा पहारा वाढतो. महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी याबाबत कायदा केला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. हे आकडे वाचताना मला अजूनही संताप येतो.

इथे समाजशास्त्राचे विद्यार्थी बसले आहेत, त्यांना एक काम सांगते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची मोठी वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. तिथे जा, पण छापील प्रश्नावली घेऊन उंबऱ्यातून परतू नका, बसा. घर कागदावर कुणाच्या नावावर आहे ते विचारा. मग आईच्या नावाचं घर पुढे मुलाकडे जाणार की मुलीकडे, हे ठरवणार कोण ते विचारा. मुलगी नांदायला गेली नाही किंवा परत आली, तर तिला तिथे राहता येतं का आणि किती दिवस, हेही. आणि उत्तर आईकडून वेगळं घ्या, सुनेकडून वेगळं.