साहेब साउथ ब्लॉकमध्ये काय करायचे? (निवेदन)

हा कराडचा प्रीतिसंगम. डावीउजवीकडून कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात बघा, ड्रोनमधून काय भारी दिसतंय, आणि काठावर ती यशवंतराव चव्हाण साहेबांची समाधी. २५ नोव्हेंबरला, साहेबांच्या पुण्यतिथीला, इथं सगळ्या पक्षांचे पुढारी येतात, फुलं वाहतात आणि माईकवर तेच वाक्य, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. धावला खरा, पण तिकडं दिल्लीत, साउथ ब्लॉकमधल्या संरक्षण खात्यात जाऊन केलं काय, ते कुणी सांगतच नाही.

हे देवराष्ट्रे. १२ मार्च १९१३ ला याच गावात जन्म, वडील लवकर गेले, आई विठाबाईंनी पोरं वाढवली. १९३२ ला तिरंगा फडकवला म्हणून १८ महिन्यांची शिक्षा झाली आणि येरवड्यात पोरगं वाचायला लागलं ते आयुष्यभर. आता आपण कराडला वेणूताई चव्हाण स्मारकात आलोय, ही कपाटं बघा, सगळी साहेबांची स्वतःची पुस्तकं, राजकारण आहे, कविता आहेत, कादंबऱ्या आहेत. वाचणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय असते, निदान माझं तरी तसं मत आहे.

आणि दिल्लीत तीच सवय कामाला आली. नोव्हेंबर १९६२, चीनसमोर आपली दाणादाण उडालेली, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा राजीनामा झालेला, आणि त्यांच्या जागी साहेब आले. आधीच्या काळात मंत्री आणि जनरल यांचं इतकं बिनसलं होतं की १९५९ ला लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा पुढं केला होता. साहेबांनी भाषणं ठोकली नाहीत, तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांना रोज सकाळी एकत्र बसवायला सुरुवात केली. लढायचं कसं ते तुम्ही ठरवा, पैसा आणि परवानगी मी बघतो, असा सगळा कारभार.

ही परेड साताऱ्याच्या सैनिक स्कूलची, देशातली पहिली सैनिक शाळा, १९६१, साहेब तेव्हा मुख्यमंत्री. म्हणजे फौजेचा विचार संरक्षण खातं मिळायच्या आधीपासून डोक्यात होताच, आमच्या जिल्ह्यात घरटी फौजी, तो विचार कसा नसणार!

आता १ सप्टेंबर १९६५. जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे घुसलेत, लष्कराला विमानांची मदत हवीय. दुपारी लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे अर्जनसिंग साहेबांच्या ऑफिसात. मंत्रिमंडळ बोलवा, फाईल फिरवा असलं काही नाही, ऐकून घेतलं आणि काही मिनिटांत हो म्हणाले, संध्याकाळी पठाणकोटवरनं विमानं उडाली. चुकलं असतं तर सगळं यांच्याच गळ्यात पडलं असतं, आणि हे माहीत असून हो म्हणणारा मंत्री दाखवा बरं. त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली. त्या धामधुमीतसुद्धा गडी डायरी लिहीत होता.

२३ सप्टेंबरला युद्ध थांबलं, जानेवारीत ताश्कंदला करारासाठी पंतप्रधान शास्त्रीजींबरोबर हेही होते, काश्मीरमधली जिंकलेली हाजी पीर खिंड पाकिस्तानला परत गेली, शास्त्रीजी तिथंच वारले, आणि नोव्हेंबर १९६६ ला साहेबांकडं गृहखातं आलं. त्याचं शूटिंग अजून व्हायचंय.