सुतळी, वीरगळ आणि बहात्तरचा दुष्काळ

नमस्कार. पाचवी ते आठवीला इतिहास शिकवणाऱ्या गुरुजींशी आणि बाईंशी आज बोलायचं आहे. घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांनी ऐकलं तरी चालेल. सामान फारसं लागत नाही. सुतळीचा गुंडा, कपडे वाळत घालायचे पंचवीस-तीस चिमटे, मीटर टेप आणि कोरे कागद. शिवाय एक प्रश्न, तो वर्गात येता-जाता विचारायचा : कशावरून?

आधी सुतळी. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष, असं प्रमाण धरा. पैठणच्या सातवाहनांपासून आजपर्यंत यायचं तर साधारण २२ मीटर सुतळी लागते. व्हरांडा अपुरा पडला तर मैदानात, लिंबाच्या झाडापासून झेंड्याच्या खांबापर्यंत ताणा. दर मीटरला खूण करायची, पण गाठ मारून करू नका. एक गाठ तीन-चार सेंटिमीटर सुतळी खाते. बावीस गाठी मारल्या की पाऊण मीटर गेली, म्हणजे पाऊणशे वर्षं गायब! मग शेवटी हिशेब जुळत नाही आणि मुलं टेपला दोष देतात. आधी सुतळी ताणून बांधा, मग टेप लावा आणि चिमट्यानं कागद अडकवा.

मोजायला आजच्या टोकापासून सुरुवात करा. इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी मोजताना मोठी माणसंही गडबडतात, मग सहावीच्या पोराचं काय! पहिला कागद मुलाच्या स्वतःच्या जन्माचा. अकरा-बारा सेंटिमीटर, वीतभरही नाही. तिथून मागं चालत जायचं. साडेतीन मीटरवर शिवरायांचा राज्याभिषेक, १६७४. सात मीटरवर मुहंमद तुघलक राजधानी घेऊन दौलताबादला येतो, १३२७. साडेबारा मीटरवर वेरूळचं कैलास लेणं खोदलं जातंय. पंधरा-सोळा मीटरवर अजिंठ्याची नंतरच्या काळातली, वाकाटकांच्या वेळची लेणी.

इतकं झालं की मधल्या रिकाम्या सुतळीकडं बोट दाखवा आणि विचारा, इथं काय झालं? बहुतेक मुलं म्हणतील, काहीच नाही. तो तास तिथंच थांबवा. लोक तेव्हाही पेरत होते, लग्नं लावत होते, आड खोदत होते. मग आपला कागद कोरा का? लिहिलेलं सापडत नाही म्हणून, की आपण शोधलंच नाही म्हणून? यावर वीस मिनिटं गेली तरी तास वाया गेला असं समजू नका.

आता दुसरी सुतळी. ही छोटी, पण मराठवाड्यासाठी मला जास्त मोलाची वाटते. इथं प्रमाण बदला : एक महिना म्हणजे दोन सेंटिमीटर. साडेतीन मीटर सुतळी फळ्याच्या भिंतीवर आडवी लावा. डाव्या टोकाला १५ ऑगस्ट १९४७. तिथून २६ सेंटिमीटरवर १७ सप्टेंबर १९४८, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्याचा दिवस. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर तेरा महिने आपण निजामाच्याच राज्यात होतो, हे वाक्य पाठ्यपुस्तकातून वाचणं वेगळं आणि हातानं ती २६ सेंटिमीटर मोजणं वेगळं. १३ सप्टेंबरला सुरू झालेली भारतीय सैन्याची ‘पोलीस कारवाई’ मुलांना इथं दाखवता येत नाही, कारण ती जेमतेम तीन मिलिमीटर भरते. पेन्सिलीची एक रेघ. आणि त्या रेघेच्या आधी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा सगळा सत्याग्रह, तुरुंगवास, संस्थानाच्या सरहद्दीवरचे लढ्याचे कॅम्प.

आता एक नेहमीची चूक. सतरा सप्टेंबरला झेंडा वंदन होतं, म्हणून मुलं समजतात की त्या दिवशी मराठवाडा महाराष्ट्रात आला. पुढं मोजायला लावा. २२१ सेंटिमीटरवर १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला. म्हणजे मधली १९५ सेंटिमीटर, आठ वर्षांहून जास्त, आपण भारतातल्या हैदराबाद राज्यात होतो. १ मे १९६० चा महाराष्ट्र ३०५ सेंटिमीटरवर येतो. जालना, लातूर आणि हिंगोलीच्या मुलांना आणखी एक काम द्या : त्या वेळच्या मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांत आपला जिल्हा शोधा. सापडणार नाही. जालना १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. मग आपलं गाव तेव्हा कुठल्या जिल्ह्यात होतं? हे घरी विचारून यायचं.

घरी विचारलं की कधी जुना कागद निघतो. त्यावर फसली सन, म्हणजे निजामाच्या कारभारातली वर्षगणना, असते. त्यात ५९० मिळवा, म्हणजे ते वर्ष सुरू झालं तो इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. रक्कम ‘हाली’, म्हणजे निजामाच्या रुपयांत असेल तर गणिताच्या सरांना बोलवा : सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. कागद मूळ मालकाकडंच राहू द्या, मोबाइलवर फोटो पुरे. सातबाऱ्याच्या वादातला कागद वर्गात नाचवला तर संध्याकाळी शाळेच्या दारात भांडण येतं.

आता गावातलंच एक साधन. मारुतीच्या पाराजवळ किंवा वेशीत एखादा कोरीव उभा दगड असतो. लोक त्याला तेल-शेंदूर लावतात, कुणी देव म्हणतं, कुणी नुसता दगड. त्यात एकावर एक चौकटी असतील तर तो बहुधा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारक-दगड आहे. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर. गायी दिसल्या तर गुरं सोडवताना गेलेला माणूस. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलेला, आणि माथ्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याचं नाव राहील. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर तो सतीचा दगड. चार-चार मुलांचे गट करा, आणि पहिली दहा मिनिटं अर्थ सांगूच नका. जे दिसतं तेवढंच लिहायचं. ‘राजा’ लिहिलं की विचारा, कशावरून? ‘हातात ढाल असलेला माणूस’ हे चालेल. दुपारी बाराला नेऊ नका. ऊन डोक्यावर असलं की कोरीव काम सपाट दिसतं. सकाळच्या तिरप्या उन्हात घोड्याचा लगामसुद्धा ओळखू येतो. उठाव दिसावा म्हणून दगडावर खडू किंवा पीठ चोळू नका, आणि शेंदूर खरवडायचा तर विचारही नको.

शेवटचा धडा मुलाखतीचा, विषय बहात्तरचा दुष्काळ. हाच का? तेव्हा बारा वर्षांचं असलेलं माणूस आज पासष्टीपार आहे, पण गल्लीत भेटतं. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचं तसं नाही, त्यातलं बहुतेक आता ऐकीव उरलंय. आणि रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेच्या, ऐकीव गोष्टी वर्गात आल्या की शेजारच्या बाकावरच्या मुसलमान पोराकडं नजरा वळतात. तिथं शोएबुल्लाखानांचं नाव आधी घ्या : ‘इमरोज’चे संपादक, विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांना मारलं गेलं.

तर मुलाखत. दोन मुलांची जोडी, सहा प्रश्न, वीस मिनिटं. ‘दुष्काळ कसा होता?’ असं विचारलं की ‘लई वाईट होता बाबा’ इतकंच उत्तर येतं आणि गप्पा संपतात. त्यापेक्षा विचारा : सरकारी दुष्काळी कामावर घरातलं कोण कोण जायचं? खडी फोडायला की माती वाहायला? सुकडी (कामावर वाटलं जाणारं पौष्टिक पीठ) कशात घ्यायचात? मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी कशी लागायची? पाणी कुणाच्या विहिरीचं होतं, आणि ते सगळ्यांना भरू द्यायचे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कडू येऊ शकतं. ते पुसून गुळगुळीत करू नका, पण उत्तर देणाऱ्याचं नाव वर्गात वाचू नका.

वहीत वरच तीन गोष्टी हव्यात : आजचं वय, तेव्हाचं वय, आणि तेव्हा राहण्याचं गाव. तिसरी गोष्ट हमखास राहते. आजी बहात्तर साली माहेरी होती, आणि मुलं तिच्या आठवणी आपल्या गावच्या म्हणून लिहून मोकळी होतात! पान उभं दुमडून डावीकडं ‘पाहिलेलं’, उजवीकडं ‘ऐकलेलं’. दोघांनी मजुरी वेगवेगळी सांगितली तर हात वर करून बहुमतानं निकाल लावू नका. कोण कुठल्या कामावर होतं, किती वर्षांचं होतं, हे पुन्हा विचारून यायला पाठवा. गावाजवळ पाझर तलाव असेल तर तो केव्हाचा, हेही विचारा, आणि ग्रामपंचायतीत जाऊन पडताळा.

लिहून झालं की मुलांनी ते आजी-आजोबांना वाचून दाखवायचं. ‘असं नव्हं रे’ म्हणत ते हमखास काहीतरी दुरुस्त करतात, आणि पहिल्या दिवशी न सांगितलेलं तेव्हाच सांगतात. त्यासाठी मुलांना समोरचं पान आधीपासून कोरं ठेवायला सांगा.