जांभ्याखालची पांढरी माती

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूर तालुक्याचा पश्चिम पट्टा, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटाची बाजू, आणि त्याला लागून चंदगडचा डोंगराळ भाग. इथे डोंगराला घर, रस्ता किंवा शेत टेकून असणाऱ्यांशी आज बोलायचं आहे. बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला, गोकाक-सौंदत्तीकडे, वाळूच्या कठीण खडकाचे कडे आहेत. तिथे भीती सुट्या धोंड्यांची. पश्चिमेला धोका वेगळा आहे, आणि तो वरून दिसत नाही.

रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे उभं राहून वरून खाली बघा. सगळ्यात वर मुळांनी धरलेली माती, वीतभर ते हातभर. तिच्याखाली जांभा, लाल, भोकाभोकांचा, घरांना चिरे निघतात तोच. त्याच्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढरट, पिवळट, कधी गुलाबी-जांभळी मऊ माती लागते. किनारपट्टीवर हिला शेडी म्हणतात. तिच्याही खाली मुरूम आणि मग खडक. काही ठिकाणी तो काळा पाषाण असतो, काही ठिकाणी त्याहून कितीतरी जुना, पत्र्यांसारखा सुटणारा. हा पत्री खडक कुठल्या बाजूला कललेला आहे ते जरूर बघा. थर रस्त्याकडे उतरत असतील तर कापलेली बाजू घसरायला तयार असते. डोंगराच्या पोटात उतरत असतील तर तीच कापणी वर्षानुवर्षं टिकते. म्हणून एकाच घाटात एका वळणावर दरवर्षी दरड येते आणि पुढच्या वळणावर काहीच होत नाही.

आता मूळ मुद्दा. जांभा उभा कापला तरी उभा राहतो, त्यामुळे लोकांना वाटतं की डोंगर पक्का आहे. पण पाणी जांभ्याच्या भोकांतून सहज खाली जातं आणि पांढऱ्या मातीपाशी अडतं, कारण तिच्यातून ते फार हळू सरकतं. मातीचे कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात, उताराची सारी पकड त्यातून येते. साचलेलं पाणी कणांना आतून ढकलू लागलं की ही पकड सुटते. वजन वाढतं ते वेगळंच. एक घनमीटर कोरड्या मातीत ३० टक्के पोकळी असेल, तर ती पाण्यानं पूर्ण भरल्यावर तिथे ३०० किलोची भर पडते. म्हणून एका जोरदार सरीपेक्षा आठवडाभराच्या संततधारेनंतर आलेली मोठी सर जास्त घातक.

पांढरी माती ओळखायला यंत्र लागत नाही. सुपारीएवढं ढेकूळ उन्हात पूर्ण वाळवा आणि काचेच्या पेल्यात पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. जांभ्याचा तुकडा तसाच राहतो. ही माती पाच-दहा मिनिटांत विरघळून तळाला ढीग होत असेल, तर त्या थरावर भरवसा ठेवू नका. भिजवून बोटांत चोळली की ती साबणासारखी सुळसुळीत लागते.

आणखी एक थर ओळखता यायला हवा: जुन्या दरडीचा भर. लहानमोठे टोकदार दगड, माती, कुजलेली लाकडं, सगळं कसंही मिसळलेलं, थर असे नाहीतच. डोंगराच्या खोलगट भागात, ओढ्याच्या तोंडाशी हा भर साचतो. जमीन सुपीक आणि सपाट असल्यानं वस्तीही नेमकी तिथेच होते. जिथे एकदा दरड येऊन थांबली, तिथे पुन्हा येऊ शकते.

बिघडतं कुठे? पायथा कापताना. घरामागे अंगण वाढवायला लोक दहा फूट उभी कापणी करतात, तीही पांढऱ्या मातीत. अशा मातीत उंचीच्या दीडपट मागे सरकून उतार द्यावा लागतो, म्हणजे ३ मीटर उंचीला ४.५ मीटर. एवढी जागा नसेल तर कापूच नये. चिऱ्यांची भिंत बांधली तरी तिच्यात दर दीड मीटरला तीन-चार इंची पाईप आणि मागे फूटभर खडीचा थर हवाच. पाईप नसलेली भिंत पाणी अडवते आणि मग पाण्यासकट ढासळते.

दुसरी चूक पाणी मुरवण्याची. सलग चर ही पूर्वेकडच्या कोरड्या माळावर उत्तम गोष्ट आहे. पण कणकुंबीच्या पावसात, खाली पांढरी माती असलेल्या तीव्र उतारावर तेच चर डोंगरात पाणी भरतात. इथे चर काढायचे ते पाणी बाजूला नेण्यासाठी: कापणीच्या वरच्या कडेपासून चार-पाच मीटर मागे, तळ पक्का करून, थोडा उतार देऊन ओढ्यापर्यंत. मेमध्ये ते साफ करा. चर तुंबला की पाणी एकाच जागी उतारात शिरतं, आणि मग तो नसलेलाच बरा.

१६ जुलै २०२४ ला अंकोला तालुक्यात शिरूरला महामार्ग ६६ वर दरड आली आणि गंगावळी नदीत गेली. महामार्गासाठी कापलेला उतार होता तो.

वरच्या बाजूला भेग दिसली तर दोन्ही काठांवर लोखंडी खुंट्या ठोका आणि मधलं अंतर सकाळ-संध्याकाळ टेपनं मोजून तारखेसकट लिहा. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची वाढही रोज होत असेल तर घर रिकामं करा. भेग ताडपत्रीनं झाका, पाणी आत जाऊ देऊ नका. स्वच्छ झरा एकाएकी गढूळ झाला, किंवा भर पावसात ओढ्याचं पाणी कमी झालं, तर वर काहीतरी सरकलं आहे. तेव्हा ओढ्याच्या कडेनं खाली पळू नका, ओढ्यापासून बाजूला होऊन उंचावर जा, आणि मग जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर फोन लावा.

आणि दरड आल्यावर जेसीबी लगेच पायथ्याला लावू नका. खाली साचलेला ढीगच वरच्या मातीला टेकू देत असतो. पाऊस थांबल्यावर, वर नजर ठेवणारा एक माणूस उभा करून, ढीग वरच्या बाजूनं थोडा थोडा काढत खाली यायचं. वरची भेग वाढताना दिसली, की यंत्र मागे घ्यायचं.