ओट्याला तेल लावण्यापूर्वी

मित्रहो, ‘स्वयंपाकाच्या ओट्याचे घरगुती उपायांनी संरक्षण’ असा आजचा जाहीर विषय आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ग्रॅनाइट असेल, आपल्या नागपुरात महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत अजून कडप्पा असेल आणि नव्या फ्लॅटवाल्यांपैकी काहींनी पांढरा संगमरवर बसवण्याचे धाडस केले असेल. या तिन्ही दगडांना आपण तेल हे एकच औषध चोळतो, ही माझी जुनी तक्रार आहे. ती शांतपणे ऐकून घेणारे इतके लोक मला प्रथमच लाभले आहेत. घरी तर मी ‘ओटा’ म्हणताच सगळ्यांना कामे आठवतात.

माझ्या एका भाच्याने मनीषनगरात घर घेतले आणि ओट्यावर पांढराशुभ्र मकराना संगमरवर बसवला. ‘सीलर, म्हणजे छिद्रे बुजवणारा लेप, मारून दिला आहे, आता काळजीच नाही,’ असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते. घर लागल्यावर लवकरच सावजी मटणाचा बेत ठरला. मंडळी भरपूर, रस्सा झणझणीत, आणि लिंबाच्या फोडी कमी पडल्या म्हणून कोणीतरी त्या थेट ओट्यावरच कापल्या. सकाळी पाहतात तो रश्श्याचे तेल आणि हळद एका पुसण्यात निघून गेलेली, म्हणजे सीलरने आपले काम चोख केलेले होते; परंतु जिथे लिंबू टेकले होते तिथे निस्तेज वलये उमटली होती आणि ती साबणाला दाद देईनात, सोड्यालाही देईनात. तेव्हा भाच्याचे सासरे पुढे सरसावले. ते सर्व विषयांतले जाणकार आहेत. त्यांनी वाटीभर शेंगदाण्याचे तेल मागवले, दगडावर चोळले आणि वलये खरोखरच नाहीशी झाली. मी गप्प राहिलो, कारण व्याह्यांचा मान असतो आणि मटणही अजून शिल्लक होते. पुढे तेलावर कणीक आणि धूळ बसून किटण तयार झाले, मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर ओट्याला खवट वास येऊ लागला आणि अखेर घासून धुतल्यावर वलये होती तिथेच हजर झाली. ‘तेल कमी पडले,’ हे व्याह्यांचे मत आजही कायम आहे.

यात घडले काय, ते पाहू. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबातले आम्ल त्याच्यावर पडले की पृष्ठभागाचा अगदी पातळ थर विरघळतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चकाकी जाते. तो डाग नसतो. तिथला दगडच गेलेला असतो. तेल त्या खरबरीत जागेतल्या बारीक खाचा भरते, प्रकाश कमी विखुरतो आणि आपल्याला दगड बरा झाल्यासारखा वाटतो. सीलर छिद्रांतून आत शिरणारे तेल-पाणी अडवतो, आम्ल अडवत नाही. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेच्या मानकांत ग्रॅनाइटला वजनाच्या ०.४० टक्के पाणी शोषण्याची मुभा आहे, तर संगमरवराला ०.२० टक्केच. म्हणजे कमी पिणारा दगड आधी बिघडतो, कारण प्रश्न छिद्रांचा नसून रसायनाचा आहे. ग्रॅनाइटमधले क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार लिंबाला भीक घालत नाहीत. संत्र्यांच्या या गावात, जिथे वरणात चिंच आणि ताटात लिंबू हवेच, तिथे चकचकीत संगमरवराचा ओटा कोणी सुचवतो, याचे मला नवल वाटते. आंध्रातून येणारा कडप्पाही चुनखडकच आहे. तो लिंबाने करडा पडतो आणि तेलाने पुन्हा काळा दिसतो, म्हणून आपल्या आज्यांचे तेलाचे बोट खरे ठरले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा खरा विषय आता घाईने सांगतो.

ओट्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबा. खालचा दगड गडद झाला नाही, तर काहीही लावू नका. बाजारातला बराचसा काळा ग्रॅनाइट इतका घट्ट असतो की वर लावलेले सारे मेणचटपणे वरच राहते. गडद झाला, तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून दगड ओळखा: जागा निस्तेज झाली तर तो संगमरवर किंवा कडप्पा, नाहीतर ग्रॅनाइट. स्वयंपाकघरातल्या तेलांपैकी हवेतला प्राणवायू घेऊन खरोखर घट्ट होणारे तेल म्हणजे जवसाचे, आणि ते विदर्भात मिळवायला कष्ट नाहीत. खोबरेल कधीच वाळत नाही. हार्डवेअरच्या दुकानातले ‘उकळलेले’ जवस तेल मात्र नको, कारण त्यात वाळण्यासाठी धातूंचे क्षार घालतात. कडप्पा धुऊन दिवसभर कोरडा होऊ द्या, घाण्याचे जवस तेल सुती कापडाने अगदी पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी हाताला लागणार नाही इतके पुसून काढा आणि वाळेपर्यंत काही दिवस ओटा मोकळा ठेवा. पावसाळ्यात हा उद्योग करू नये. पहिला हात वाळला की मग दुसरा द्या. मधमाशीचे मेण वरून लावता येते, पण ते ६२ ते ६४ अंशांना वितळते, म्हणून तापलेली कढई टेकताच निघून जाईल. जवस पिवळे पडते, त्यामुळे पांढऱ्या संगमरवराला लावू नका. त्याची वलये पॉलिशवाल्याकडून घासूनच निघतात.

उठण्यापूर्वी एवढे अवश्य ऐका: जवस तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. वाळताना ते तेल उष्णता सोडते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बादलीभर पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.