एका खोलीचा उजेड

(पडदे बंद. काळोखात ट्रायपॉडचे पाय एकेक करून उघडल्याचा आवाज.)

सकाळचे पावणेसहा. हॉटेलातली ही खोली आज कुणालाच दिलेली नाही. शेजारचीही नाही. खोलीचे, तिच्या सजावटीचे फोटो इथेच निघतील. शेजारच्या खोलीत बॅगा, स्टँड, वाफेची इस्त्री, जास्तीच्या उशा आणि इथून बाहेर काढलेलं सगळं सामान राहील. दुसरी खोली मागून घेतली नाही, तर हेच सामान दिवसभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ढकलावं लागतं आणि कुठल्या ना कुठल्या फ्रेममध्ये बॅगेचा पट्टा डोकावतो.

खिडकी पूर्वेला आहे. कामाचा क्रम आदल्या दिवशी, होकायंत्र आणि सूर्याची वाट दाखवणारं ॲप बघून ठरला: झोपायची खोली सकाळी, बाथरूम दुपारी, गच्ची कातरवेळी. दिवसभरात ८ ते १२ पक्क्या फ्रेम मिळाल्या तर काम चांगलं झालं म्हणायचं. काम देणाऱ्या ब्रँडकडून, मग ते हॉटेल असो की कापडाची कंपनी, पुष्कळदा ३० फ्रेमची यादी येते. दहा तासांत ३० म्हणजे एका फ्रेमला २० मिनिटं. नुसता पलंग नीट लावायलाच त्याहून जास्त वेळ जातो. ही यादी कामाच्या दिवशी कापण्यापेक्षा आधीच बसून कापलेली बरी.

(पडदा अर्धा सरकतो. गादीवर उजेडाचा पट्टा.)

डोळ्याला वाटतं, उजेड भरपूर आहे. पण ऊन चढलं की खिडकीबाहेरचं दृश्य खोलीतल्या आतल्या कोपऱ्यापेक्षा सहज ५-६ स्टॉप उजळ होतं. दर स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे ५ स्टॉपला ३२ पट. आपली नजर खिडकीकडून कोपऱ्याकडे वळता वळता स्वतःला जुळवून घेते. कॅमेऱ्याला मात्र दोन्ही टोकं एकाच वेळी पेलायची असतात. खिडकी सांभाळली की पलंग काळा पडतो, पलंग सांभाळला की खिडकी पांढरीफटक.

यावरचा रूढ उपाय म्हणजे वेगवेगळ्या एक्सपोजरच्या, म्हणजे कमी-जास्त उजेड आत घेतलेल्या, पाच फ्रेम घ्यायच्या आणि सॉफ्टवेअरला त्या आपोआप जोडू द्यायच्या. उपाय सोपा आहे, पण बहुतेक वेळा खोलीचा जीव जातो. सॉफ्टवेअर प्रत्येक सावली उचलतं. पलंगाखाली, उशीमागे, खुर्चीच्या हाताखाली सगळीकडे सारखाच राखाडी उजेड पसरतो. उशी फुगीर आहे हे आपल्याला तिच्या सावलीवरूनच कळतं. ती सावली गेली की उशी कागदाची होते.

म्हणून खोलीचा फोटो काढताना सगळ्यात आधी उजेडाची दिशा जपायची. खिडकी डावीकडे असेल, तर प्रत्येक वस्तूची उजवी बाजू गडद राहिली पाहिजे. लेन्स, उंची, चादर, माणसं हे सगळं त्यानंतर.

पाच फ्रेम घ्याव्यातच, पण त्या हाताने जोडाव्यात. खोलीची एक मुख्य फ्रेम, आणि तिच्यात खिडकीच्या तावदानापुरती दुसरी, जरा गडद फ्रेम. तीही पूर्ण ताकदीने नको. बाहेरचं झाड आतल्या उशीइतकं ठसठशीत दिसलं, तर ते तावदानावर चिकटवलेल्या पोस्टरसारखं वाटतं. बाहेरचं दृश्य आतल्यापेक्षा एक-दीड स्टॉप उजळ राहू द्यावं. खिडकीपाशी उभं राहिल्यावर ते तसंच दिसतं.

(फ्लॅशचा स्टँड खिडकीशेजारी. समोर ताणलेलं पांढरं कापड.)

नैसर्गिक उजेड कमी पडला तर फ्लॅश येतो, पण तो खिडकीच्याच बाजूने. कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर फ्लॅश उडवला तर उजेड समोरून येतो आणि सावल्या पुसून टाकतो, म्हणजे मघाच्या सॉफ्टवेअरचीच चूक वेगळ्या हाताने झाली. फ्लॅशपुढे दीड-दोन मीटरचं पांढरं कापड धरलं की त्याचा उजेड खिडकीच्या उजेडात मिसळून जातो. अंतराकडेही लक्ष लागतं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. फ्लॅश पलंगाच्या अगदी जवळ असेल तर जवळची कड भाजून निघते आणि पलीकडची उशी अंधारात जाते. स्टँड शक्य तितका मागे न्यायचा आणि ताकद वाढवायची.

खिडकीच्या समोरच्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर एक काळा फोमबोर्ड उभा केला आहे. पांढऱ्या भिंतीवरून उलटून येणारा उजेड तो अडवतो, आणि सोफ्याची कड पुन्हा ठळक होते. उजेड टाकण्याइतकंच तो अडवणंही कामाचं असतं. नवखे छायाचित्रकार हे बहुधा उशिरा शिकतात.

(कॅमेरा. लेन्सच्या उंचीशी धरलेली मोजपट्टी.)

उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून पलंग म्हणजे नुसती चादरीची मोठी पाटी दिसते. झोपायच्या खोलीत कॅमेरा १ ते १.२ मीटरवर ठेवला की पलंगाला जाडी येते आणि खोलीत बसल्यासारखं वाटतं. स्वयंपाकघरात ओट्याच्या अगदी थोडं वर. ओट्याचा पृष्ठभाग पातळ पट्टीसारखा दिसला म्हणजे उंची जमली.

कॅमेरा वर किंवा खाली कलला की भिंती एकमेकींकडे झुकतात. लेन्स समतल ठेवली तर भिंती ओळंब्यात राहतात, पण मग छत किंवा जमीन नको तितकी येते. शिफ्ट लेन्स यासाठीच असते: कॅमेरा न हलवता चित्र वर किंवा खाली सरकवता येतं. ती नसेल तर चारही बाजूंनी जरा मोकळी फ्रेम घ्यावी आणि नंतर सरळ करावी. सरळ करताना कडा कापल्या जातात, हे काढतानाच लक्षात ठेवायला हवं.

फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (चित्र टिपणाऱ्या पाटीच्या) कॅमेऱ्यावर २४ ते ३५ मिलिमीटरची लेन्स खोलीसाठी पुरते, आणि कोपरे-बारकावे यांसाठी ५० ते ८५. १६ मिलिमीटरच्या फार रुंद लेन्सचा मोह टाळावा. त्यात कडेचं गोल टेबल अंड्यासारखं ताणलं जातं आणि साधी खोली दिवाणखान्याएवढी दिसते. फोटो पाहून आलेला पाहुणा दार उघडून दोन पावलं टाकतो आणि समोर भिंत. तक्रार मग हॉटेलला ऐकावी लागते.

समोरून फ्रेम घेताना सेन्सर मागच्या भिंतीला पूर्ण समांतर हवा. थोडासा तिरपा राहिला तर ती चूकच दिसते. एक तर सरळ, नाही तर स्पष्ट तिरपं. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ ८ ते एफ ११. एफ १६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, सगळंच चित्र मऊ पडू लागतं. शटर एक सेकंदापर्यंत उघडं राहिलं तरी चालतं, पण फळ्यांच्या जमिनीवर त्या सेकंदात कुणी पाऊलही हलवायचं नाही.

(पलंग. दोघे जण चादरीची टोकं ताणून धरतात.)

आता पलंग. चादर अंथरून पलंगावरच वाफेची इस्त्री करायची. घडी घालून आणली की घडीच्या रेघा परत येतात. ओलसर भाग गडद दिसतो म्हणून काही मिनिटं वाळू द्यायची. रजईच्या एका खोळीत दोन रजया घातल्या की ती भरदार दिसते. ४५ सेंटिमीटरच्या अभ्र्यात ५० सेंटिमीटरची उशी घातली की तिचे कान लोंबत नाहीत. चादर मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला ताणून टाचण्या लावायच्या. किती लावल्या ते कागदावर लिहून ठेवायचं. इथे १४ लागल्या.

एवढं करूनही पलंग निर्जीव दिसू शकतो. शेवटी एक कोपरा हाताने उलगडतात, एक उशी जराशी दाबतात. किती दाबायची याचं माप नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर बघत बघतच ते जमतं, म्हणून कॅमेऱ्याची केबल पहिल्या मिनिटापासून लॅपटॉपला जोडलेली असते.

सामान खोलीत कुठे शोभतं याच्याशी लेन्सला घेणं नसतं. दिव्याची कड पलंगाच्या पाठीला चिकटून दिसत असेल तर दिवा बोटभर सरकवायचा. दोन वस्तूंच्या मध्ये फट दिसली की खोलीला खोली येते. खुर्ची वीतभर फिरवायची, लॅम्पशेडची शिवण भिंतीकडे करायची, गालिच्याचा कोपरा खालून दुहेरी टेपने बसवायचा. प्रत्येक पायाची मूळ जागा आधी टेपने आखून घ्यायची.

(टेबललॅम्प लागतो. चादर अर्धी निळसर, अर्धी केशरी.)

हे रंगांचं भांडण प्रत्येक खोलीत होतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका तो केशरी. लॅम्पचा उजेड २७०० केल्विनचा, खिडकीतला ५५०० चा, आभाळ आलं तर ६५०० च्याही वर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून कॅमेऱ्यात लावलेलं माप, एकच; तो एकालाच न्याय देतो. त्यामुळे मुख्य फ्रेम दिवे बंद ठेवून घ्यायची. नंतर फक्त दिव्यांची वेगळी फ्रेम घ्यायची, तिचा व्हाइट बॅलन्स वेगळा लावायचा, आणि ती हलकेच वर मिसळायची. खोलीतले बल्ब वेगवेगळ्या छटांचे असतात, तेव्हा एकाच जातीच्या बल्बचा संच सोबत ठेवलेला बरा. उजेड बदलेल तेव्हा ग्रे कार्ड (रंग जुळवायचं राखाडी कार्ड) धरून एक फ्रेम घ्यायची. बाहेर हिरवळ असेल तर छत हिरवट होतं, आणि ते खोलीत उभं असताना जाणवतही नाही.

कापडाच्या ब्रँडसाठी हे सगळ्यात जोखमीचं काम आहे. दिवसाच्या उजेडात जुळणारी दोन कापडं लॅम्पखाली वेगळी दिसू शकतात. ग्राहकाने फोटो पाहून सोफ्याचा रंग निवडलेला असतो. म्हणून कापडाचा तुकडा जवळ ठेवून, कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे रंग अचूक जुळवून घेतलेल्या पडद्यावरच रंग पक्का करायचा.

(माणसं फ्रेममध्ये येतात. कॉफीचा कप.)

आधी रिकाम्या खोलीची फ्रेम घेऊन ठेवायची, मगच माणूस आत. ट्रायपॉड हलवायचा नाही. रिकामी फ्रेम हाताशी असली की माणसाच्या मागचं काहीही दुरुस्त करता येतं.

“हसा” म्हटलं की चेहरा आखडतो. काम दिलं की हात मोकळे होतात: पडदा सरकव, पुस्तकाचं पान उलट, शाल खांद्यावर घे. तीच कृती सहा-सात वेळा करायला लावली की तिसऱ्या-चौथ्या वेळी ती खरी होते. चेहरा स्पष्ट हवा असेल तर शटर १/१२५ आणि आयएसओ ४०० च्या पुढे. चालणारी व्यक्ती पुसट हवी असेल तर १/४ सेकंद. मात्र एलईडी दिव्यांखाली वेगवान शटरने फ्रेमवर काळपट पट्टे उमटू शकतात. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, तिथे १/५० किंवा १/१०० सुरक्षित. ६० हर्ट्झवर १/६० किंवा १/१२०.

कपड्यांवर बारीक रेघा नकोत, सेन्सरवर त्यांच्या लहरी उठतात. कॉफीची वाफ दिसायला उजेड मागून आणि पार्श्वभूमी गडद हवी. वाफ काही क्षणच टिकते. सगळी जुळवणी रिकाम्या कपावर करून, कॉफी शेवटी ओतायची.

(बाथरूम. आरशात कुणीच नाही.)

आरशासमोर शिफ्ट लेन्स पुन्हा कामी येते. कॅमेरा बाजूला ठेवायचा आणि चित्र आडवं सरकवायचं. आरसा समोरून दिसतो, पण त्यात कॅमेरा नसतो. नळाच्या चकाकीत मात्र अख्खी खोली दिसते. काळे कपडे, दहा सेकंदांचा टायमर, आणि सगळे बाहेर. लाकडावरची चमक पोलरायझर या लेन्सपुढे फिरवायच्या फिल्टरने जाते, धातूवरची जात नाही. तो पूर्ण फिरवला तर लाकूड मेल्यासारखं होतं, अर्ध्यावर थांबावं. एसीतून दमट हवेत नेलेल्या लेन्सवर बाष्प जमतं. अर्धा तास ती बंद बॅगेतच राहू द्यावी.

(दुपार. लॅपटॉपवर फ्रेम.)

ऊन डोक्यावर असताना निवडीचं काम होतं. भिंतीवरचा ओरखडा पुसला तर चालेल, लटकणारी वायरही. पण छतावरचा धूर ओळखणारा सेन्सर, स्विचबोर्ड, खिडकीसमोरची इमारत? पाहुणा येईल त्या दिवशी जे तिथे नसेल ते काढावं, जे असेल ते ठेवावं. समोरची इमारत नको असेल तर पडदा ओढून घ्यावा किंवा कोन बदलावा, ती मिटवू नये. ही रेघ काम देणाऱ्याशी काम सुरू होण्याआधीच बोलून घ्यायला हवी.

वेबसाइटच्या आडव्या फ्रेममध्ये मजकुरासाठी मोकळी भिंत सोडतात. फोनसाठी उभी फ्रेम वेगळी काढावी. आडवीतून ४:५ कापली तर जवळजवळ निम्मं चित्र जातं. फोटो कोण, कुठे, किती काळ वापरणार हे लेखी हवं, मॉडेलचं संमतीपत्र हवं, आणि भिंतीवरच्या चित्राचा हक्क कुणाचा हेही विचारलेलं हवं.

(गच्ची. आभाळ निळं होत जातं.)

सूर्य मावळल्यानंतरची पंधरा ते तीस मिनिटं. विषुववृत्ताजवळ ती लवकर सरतात. कॅमेरा तासभर आधी लावलेला असतो आणि दर दोन मिनिटांनी एक फ्रेम पडते. आधी आभाळ जास्त उजळ, शेवटी दिवे. मधली काही मिनिटं दोघांचा तोल सारखा असतो.

१९६० साली वास्तूंचे छायाचित्रकार ज्युलियस शुलमन यांनी लॉस एंजेलिसमध्ये वास्तुरचनाकार पिएर केनिग यांनी रचलेल्या केस स्टडी हाउस क्रमांक २२ या घराचा फोटो काढला, तेव्हाही प्रश्न हाच होता: बाहेर दूरवर मंद शहर, आत माणसं. त्यांनी अंधारात सुमारे ७ मिनिटं शहराचे दिवे फिल्मवर उतरू दिले आणि मग आतला उजेड फ्लॅश-बल्बने एकदाच उडवला. दोन उजेड, एकच फिल्म. आज हे कॉम्प्युटरवर दोन थरांत होतं, हिशेब मात्र तोच.

(खोली पुन्हा. टेपच्या खुणांवर खुर्ची परत येते.)

रात्री ही खोली पाहुण्याला द्यायची आहे. हॉटेलचे मूळ बल्ब परत लागतात, टेप निघते, दुसरी रजई खोळीतून बाहेर येते. चादर उचलून गादीच्या मागच्या बाजूने हात फिरतो आणि टाचण्या वाटीत पडतात. कागदावर १४ लिहिलंय, वाटीत १३ आहेत. गादी उभी केली जाते. शेवटची टाचणी पायाकडच्या शिवणीत सापडते.